पुढे तीस, मागे बत्तीस

महाराष्ट्रात काही प्रश्नांची उत्तरं द्यायला प्रश्न पूर्ण ऐकावा लागत नाही. 'गुडघा जरा' एवढं म्हणालात की समोरचा माणूस तेलाचं नाव सांगतो. 'मुलगी यंदा बारावीला' म्हणालात की क्लासचं नाव येतं. आणि 'टायरमध्ये हवा किती' इथवर येऊन तुम्ही नुसता श्वास घेतलात तरी उत्तर मिळतं: "तीस." गाडी कुठली, टायर कुठला, आत बसणारी माणसं किती, जायचं कुठे, यातलं काहीएक न विचारता मिळणारा हा आकडा वडिलांकडून मुलाकडे आणि गॅरेजमधल्या उस्तादाकडून पोऱ्याकडे चालत आलेला आहे. ज्यांना विषयातले बारकावे कळतात ते "पुढे तीस, मागे बत्तीस" असं सांगतात. मागे दोन जास्त का, असं विचारलंत तर ते तुमच्याकडे कीव करून पाहतात. "मागे लोड असतो ना!" पुढे इंजिन असतं, त्याला मात्र वजन नसतं.

खरं तर या प्रश्नाचं छापील उत्तर प्रत्येक मोटारीला कारखान्यातच चिकटवून मिळतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की मधल्या खांबावर एक स्टिकर दिसतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. टायरचं माप, दोन माणसं बसली तर हवा किती, पाच माणसं आणि सामान असेल तर किती, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. दिवाळी अंकातलं संपादकीय सोडलं तर इतकं समोर असून इतकं न वाचलेलं लेखन दुसरं सापडणार नाही. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी ते एकदा वाचलं होतं. पहिलाच आकडा २३० पाहून त्यांनी दार हळूच लावून घेतलं. ते २३० किलोपास्कल होते. शेजारी ३३ लिहिलं होतं, ते पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ३३ पौंड. देशात मेट्रिक पद्धत येऊन साठाहून अधिक वर्षं झाली, पण ती टायरच्या आत शिरू शकलेली नाही. टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, रिम इंचात, हवा पौंडात आणि पैसे रोख.

तर हा स्टिकर ज्यांना वाचायचा असेल त्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. पण त्या स्टिकरचं राज्य त्यावर छापलेल्या मापाच्या टायरपुरतंच असतं. चाकं बदलली की तुम्ही त्याच्या हद्दीबाहेर गेलात.

माझ्या पुतण्याने चाकं बदलली.

त्याच्या छोट्या गाडीला कारखान्याने १६५/८० आर १४ मापाचे टायर, लोखंडी रिम आणि वर प्लॅस्टिकच्या टोप्या दिल्या होत्या. त्या जागी आता १७ इंची अलॉय आणि २०५/४५ चे टायर आले. खर्च किती आला हे त्याने अजून घरी सांगितलेलं नाही, तेव्हा मी इथे लिहिणं बरं दिसणार नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "लूक." वहिनींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "चालायला लागली की गोलच दिसणार ना रे?"

माझा थोरला भाऊ, म्हणजे या मुलाचा बाप, पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाला. धरणाच्या भिंतीवर किती दाब येतो हे मोजण्यात उभी हयात गेलेला माणूस. निवृत्तीनंतर त्याच्या हाती दाब म्हणून काही लागलं नव्हतं. होता तो स्वतःच्या रक्ताचा, आणि तो डॉक्टर मोजत. दादाने चष्मा लावला, चाकाजवळ उकिडवा बसला आणि टायरच्या कडेवरची अक्षरं मोठ्याने वाचायला लागला.

"दोनशे पाच. ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. पंचेचाळीस म्हणजे कडेची उंची रुंदीच्या पंचेचाळीस टक्के. किती झाली?"

"ब्याण्णव मिलिमीटर, बाबा."

"आणि जुन्याची?"

जुन्याची १६५ च्या ऐंशी टक्के, म्हणजे १३२. चाकाचा एकूण व्यास मात्र जवळपास तोच राहिला: आधी ६२० मिलिमीटर, आता ६१६. त्यामुळे स्पीडोमीटर फारसा खोटं बोलत नाही. फरक पडला तो आत. चाळीस मिलिमीटर रबर गेलं आणि त्याच्या जागी धातू आला. या देवघेवीत फायदा कोणाचा झाला हे पुण्यातल्या खड्ड्यांना विचारावं.

पुढे ८८ डब्ल्यू होतं. डब्ल्यू म्हणजे या टायरला ताशी २७० किलोमीटर वेग झेपतो. संध्याकाळी साडेसहाला कर्वे रस्त्यावरून मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाडीला ही माहिती द्यायला कोणी धजावलं नाही. ८८ म्हणजे ८८ किलो नव्हे. तो एका तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक आहे आणि त्या ओळीत ५६० किलो लिहिलेले असतात. एका चाकाला ५६० किलो. जुन्या टायरवर ८५ होतं, त्याचे ५१५ किलो. नव्या मापाचाच साधा टायर घेतला असता तर ८४ आणि ५०० किलो मिळाले असते. पण पुतण्याने 'एक्स एल' घेतला होता. एक्स एल म्हणजे जादा भार पेलणारा. त्याने तो घेतला तो काळा रंग जास्त गडद वाटला म्हणून, हे नंतर कळलं.

आता मुद्द्याचा प्रश्न. पुतण्याच्या गाडीच्या स्टिकरवरही ३३ आहेत, पण ते जुन्या टायरसाठी. या टायरमध्ये हवा किती?

नाक्यावरचे पंक्चरवाले अण्णा केरळचे आहेत. आपल्या महामार्गांवर दर थोड्या अंतराने एक केरळी टायरवाला भेटतो आणि रात्री दोन वाजतासुद्धा तोच भेटतो. त्यामुळे या विषयातला पहिला मान त्यांचा. अण्णांनी टायरवर मूठ आपटली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "तीस."

"अण्णा, टायर वेगळा आहे हो."

"टायर वेगळा. हवा तीच."

याला उत्तर नव्हतं. अलॉयच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "छत्तीस ठेवा सर, लो प्रोफाइल आहे. रिम वाचेल." ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने, ज्याने स्वतः चाकं बदलून वर्ष झालं होतं, खांद्यावर हात ठेवून सांगितलं की अठ्ठावीसच्या वर गेलास तर पाठीचे मणके मोजून घे. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र पुराव्याशिवाय बोलत नाहीत. त्यांनी टायरच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे इंग्रजीत कमाल दाब ५१ पीएसआय असं कोरलेलं होतं. "कंपनीनेच लिहिलंय! आपण कोण कमी भरणारे?" लिफ्टमध्ये 'कमाल आठ व्यक्ती' असं लिहिलेलं असतं म्हणून आपण घरून निघालो की उरलेले सात जण गोळा करत फिरत नाही, हे त्यांना पटवण्यात एक रविवार गेला. कडेवरचा आकडा ही टायरची सहनशक्ती असते, शिफारस नसते.

पेट्रोल पंपावर नायट्रोजनवाला होता. तो आकड्यात पडला नाहीच. म्हणाला, "हवाच नको साहेब, नायट्रोजन भरा. गाडी गरम होत नाही." आपण ज्या हवेत उभे होतो तिच्यात नायट्रोजन ७८ टक्के होता आणि ती शेजारच्याच नळीतून फुकट मिळत होती. उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी तो चारही चाकांचे पैसे मागत होता. बदल्यात वॉल्व्हला हिरव्या टोप्या मिळणार होत्या. नायट्रोजन रबरातून जरा सावकाश झिरपतो, यात खोटं काही नाही. विमानात आणि शर्यतीच्या गाड्यांत तो भरतात तो कोरडा असतो आणि आगीला हातभार लावत नाही म्हणून. आमच्या गाडीला दोन्ही क्षेत्रांत जायचं नव्हतं. पुतण्याला हिरव्या टोप्या लाल ब्रेकशी जुळत नाहीत असं वाटलं, म्हणून पैसे वाचले.

"एवढ्या लोकांनी टायर पाहिला," दादा म्हणाला, "पण गाडीत बसतं कोण हे एकाने तरी विचारलं का?"

त्याचं म्हणणं असं, की गाडीचं वजन रबर उचलत नाही. रबराचं काम हवेला पळून जाऊ न देणं एवढंच. वजन हवा उचलते. तेव्हा हवा किती हे टायरला विचारण्याआधी वजन किती हे गाडीला विचारलं पाहिजे, आणि तेही एकेका चाकावर किती. यावर घरात शांतता पसरली, कारण गाडीचं वजन म्हणजे शेवटी आपलं सगळ्यांचं वजन हे आमच्या बायकोच्या सर्वात आधी लक्षात आलं.

सोलापूर रस्त्याला एक भुईकाटा आहे. उसाच्या ट्रॉल्या, वाळूचे डंपर, भंगाराचे ट्रक अशा रांगेत आम्ही पाच जण, दोन बॅगा आणि वहिनींच्या माहेरी द्यायची आंब्याची पेटी घेऊन उभे राहिलो. काटेवाल्याला वाटलं आमचा रस्ता चुकला.

"पूर्ण गाडी चढवा की हो."

"नाही, आधी फक्त पुढची चाकं," दादाने काचेतून सांगितलं. "मग पूर्ण. मग वजाबाकी."

काटेवाल्याने आयुष्यात खूप प्रकारची लबाडी पाहिली असणार, पण ही कुठल्या जातीची हे त्याला उमगेना. पुढची चाकं चढली: ६९० किलो. पूर्ण गाडी चढली: १३१०. म्हणजे मागे ६२०. मग त्याने संगणकावर बोटं ठेवून विचारलं, "मालाचं नाव काय लिहू?"

कोणी काही बोलेना. शेवटी त्याने स्वतःच्या अधिकारात 'इतर' असं लिहिलं.

खरा पेच पुढे होता. रिकामं वजन हवं म्हणून सगळ्यांना उतरायला सांगितलं, आणि हा प्रश्न निव्वळ गणिताचा राहिला नाही. भरलेलं वजन वजा रिकामं वजन म्हणजे निव्वळ माल. "पावतीवर माझं वेगळं वजन येणार आहे का?" बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं. एकत्रित येईल असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग बॅगा आणि पेटीसुद्धा आमच्याबरोबरच उतरवा. नंतर उतरवल्या तर तेवढं वजन वजा होतं आणि उरतं ते कळतं." तीस वर्षांच्या संसारात तिचं गणित इतकं पक्कं आहे हे मला ठाऊक नव्हतं. बॅगा आमच्याबरोबर उतरल्या. रिकामी गाडी ९३० भरली. निव्वळ माल: ३८० किलो. दादाने पावती घडी घालून खिशात ठेवली आणि तेवढं तरी शहाणपण दाखवून पाचाने भागलं नाही.

घरी आल्यावर वही उघडली. पुढे ६९०, म्हणजे एका चाकावर ३४५ किलो. आता सूत्र. साधा मोटारीचा टायर आपला कमाल भार ३६ पीएसआयला पेलतो, एक्स एल टायर ४२ ला. त्याखाली हवा उतरवली की भार पेलण्याची ताकद उतरते, पण सरळ प्रमाणात नाही. युरोपातले टायर आणि रिम बनवणारे ती दाबाच्या ०.८ व्या घाताच्या प्रमाणात धरतात. हा ०.८ घात दिसताच दादाचा चेहरा वीस वर्षांनी तरुण झाला. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर घात सापडेना, तेव्हा त्याने कपाटातून लॉग टेबल काढलं. पुतण्याने ती वस्तू प्रथमच पाहिली आणि फोटो काढला.

उत्तर आलं. एक्स एल टायरला ३४५ किलोसाठी २३ पीएसआयसुद्धा पुष्कळ झाले.

तेवीस! दादाही क्षणभर गप्प झाला. अण्णांचे तीस त्यापुढे उधळपट्टी वाटायला लागले. अलॉयच्या दुकानात फोन करून सांगितलं तर तिकडून बराच वेळ आवाज आला नाही, मग तो मुलगा अत्यंत अदबीने म्हणाला, "सर, मग रिमचा दुसरा जोड बाजूला काढून ठेवू का?"

इथे दादातला सरकारी अभियंता कामाला आला. धरणाची भिंत पाण्याच्या नेमक्या दाबाएवढी कधी बांधत नाहीत. त्याने तेच गणित जुन्या टायरला लावलं. जुन्याला ३४५ किलोसाठी २२ पीएसआय पुरत होते. पण स्टिकरवर तर ३३ होते! मग वरचे अकरा कोणासाठी?

हे अकरा पीएसआय म्हणजे त्या स्टिकरमधलं सगळं शहाणपण, असं मला आता वाटतं. कारखान्यातल्या कोण्या अभियंत्याने आमचं कुटुंब पाहिलेलं नव्हतं, पण ओळखलं होतं. ब्रेक दाबला की वजन पुढे धावतं, वळणावर बाहेरच्या चाकांवर पडतं. उन्हाळ्यात मुलगा गाडी दामटतो. टायर महिन्याला साधारण एक पीएसआय नुसता उभ्या उभ्या गमावतो आणि माणसं सणासुदीखेरीज हवा तपासत नाहीत. शिवाय परतीच्या प्रवासात माहेरून पेटी रिकामी येत नाही. कमी हवेत कडा वाकून वाकून तापतात, पेट्रोल जास्त जातं, खड्ड्यात रिम थेट रस्त्याशी बोलते. हे सगळं त्याने अकरा आकड्यांत घालून ठेवलं होतं. काट्यावरचं वजन आपल्याला फक्त तळ दाखवतं. किती वर राहायचं ते कारखान्याने आधीच ठरवलेलं असतं, आणि चाकं बदलली तरी ते ठरवणं बदलायचं कारण नाही.

मग रस्ता सोपा होता. जुना टायर ३३ पीएसआयला किती भार पेलत होता? ५१५ चा हिशेब लावून ४८० किलो आले. आता तेवढेच ४८० नव्या टायरला पेलता यावेत एवढी हवा हवी. दादाने लॉग टेबल उलटसुलट केलं. ३४.६.

"पस्तीस!" पुतण्या ओरडला.

गंमत पाहा. नवा टायर जुन्याहून बलवान, ५१५ च्या जागी ५६० किलोवाला, म्हणून त्याला हवा कमी लागेल असं कोणालाही वाटावं. पण त्याचं बळ ४२ पीएसआयच्या जिवावर आहे. म्हणून त्याला उलट जास्तच लागते. पुतण्याने १६ इंचाची चाकं आणि १९५/५५ चे, ८७ क्रमांकाचे साधे टायर घेतले असते तर याच गणिताने ३१ आले असते, आणि अण्णांचा शब्द एका पौंडाने हुकला असता. ही शक्यता मी अण्णांना सांगितलेली नाही.

"तीस काय नि पस्तीस काय," वहिनी म्हणाल्या, "चार-पाच आकड्यांनी काय आभाळ कोसळतं?"

कोसळलं होतं, अमेरिकेत. फोर्ड आणि फायरस्टोन ही जुनी घरोब्याची घराणी. १९०६ पासून एकाच्या मोटारींना दुसऱ्याचे टायर. १९४७ मध्ये तर फोर्डच्या नातवाचं फायरस्टोनच्या नातीशी लग्न झालं, म्हणजे रीतसर व्याही. पुढे एक्सप्लोरर नावाच्या उंच गाडीच्या टायरचा वरचा थर वेगात सुटायला लागला, गाड्या उलटल्या, अडीचशेहून अधिक माणसं गेली. २००० साली फायरस्टोनला पासष्ट लाखांच्या आसपास टायर परत बोलवावे लागले. दोष कोणाचा यावरून व्याह्यांत जी जुंपली तिच्यातला एक मुद्दा हवेचा होता: फोर्डने हवा २६ ठेवा म्हणून सांगितलं होतं, टायरवाले म्हणत होते ३० हवी होती. चार पौंड. त्या वेळी फोर्डच्या अध्यक्षपदी त्याच लग्नातून जन्मलेला मुलगा होता. एकीकडे वडिलांचं घर, दुसरीकडे आजोळ. २००१ मध्ये शंभर वर्षांच्या घरातला हा व्यवहार तुटला. टायरमधली हवा घसरली की डॅशबोर्डवर दिवा लावणारं यंत्र अमेरिकेत सक्तीचं झालं ते याच प्रकरणानंतर आलेल्या कायद्यामुळे. आपल्याकडे समृद्धी महामार्गावर आरटीओचे लोक टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या आत सोडेनात तेव्हा पुष्कळांना राग आला होता. विदर्भातला मे महिना, सिमेंटचा रस्ता, ताशी १२० ची परवानगी आणि पोटात हवा कमी असलेला टायर, यांची गाठ एका दुपारी पडू नये म्हणून कोणीतरी हा राग पत्करला, एवढंच.

वहिनी पटल्या. पस्तीस ठरले. आता भरायचे.

पंपावरच्या यंत्रात पस्तीस लावले, टिंग टिंग वाजलं. अण्णांच्या मीटरने तीच हवा बत्तीस सांगितली. पुतण्याने मागवलेल्या छोट्या कॉम्प्रेसरवर साडेसदतीस आले, आणि दशांश चिन्ह असल्यामुळे त्याचा विश्वास त्याच्यावर. यूजेन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये वाकडी पोकळ नळी घेतली, आत दाब वाढला की ती सरळ होऊ बघते आणि काटा फिरतो, हे जगाला दाखवलं. अण्णांच्या मीटरमध्ये तीच नळी आहे आणि तिला आयुष्यात फार धक्के बसलेले आहेत. दादाचा निर्णय असा, की खरं कोण याचा शोध घेऊ नये. एक मीटर आपला मानावा आणि जन्मभर त्याच्याशी एकनिष्ठ राहावं. हा सल्ला त्याने वहिनींकडे बघत दिला.

तेवढ्यात नवा घोटाळा. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी हवी, किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चाललेली. आमचा पंप चार किलोमीटरवर. तिथे पोचेपर्यंत टायर तापतो आणि आकडा फुगतो. आणि फुगलेला पाहून हवा कमी केली की सकाळी टायर उपाशी. त्यातून ऋतू आहेतच. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की दाब एकाने चढतो. जानेवारीत पहाटे दहा अंशांत ३५ भरून ठेवली तर मे महिन्याच्या दुपारी चाळीस अंशांत तीच हवा उभ्या गाडीत ४० दाखवते. तेव्हा सहा वाजता, गार टायरला, कॉम्प्रेसर लावायचा असं ठरलं. त्या यंत्राचा आवाज ऐकून सोसायटीतले सगळे उठले, आणि बाल्कनीतून सेक्रेटरींनी विचारलं, "एक्कावन्न झाले का?"

पुतण्याने स्वतःचा स्टिकर छापला. 'पुढे ३५, मागे ३५, थंड असताना.' लॅमिनेट केला आणि खांबावरच्या जुन्या स्टिकरवर व्यवस्थित डकवून टाकला. मागेही ३५ का, हे त्याने एका वाक्यात सांगितलं: कारखान्याने दोन्हीकडे ३३ दिले होते. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण त्याने लॉग टेबल मुलाला देऊ केलं.

शनिवारी कोल्हापूरला निघायचं होतं. डिकीत पिशव्या भरून झाल्या आणि दादाला आठवलं, की गाडीला चाकं पाच असतात. पिशव्या काढल्या, फळी उचलली. खाली स्टेपनी होती, जुनीच, १६५/८० आर १४, लोखंडी रिमवर, गाडी घेतल्या दिवसापासून कोणी न हलवलेली. मीटर लावला. अकरा.

"पस्तीस मारतो," पुतण्या म्हणाला.

"ती जुन्या मापाची आहे," दादा म्हणाला. "तिला जुनाच आकडा लागणार."

"किती होता?"

आम्ही सगळे खांबाकडे पाहायला लागलो. लॅमिनेशन पक्कं होतं. दादा म्हणाला तेहेतीस, बायको म्हणाली दोनशे तीस. पुतण्याने नखाने कोपरा उचकटायला घेतला. मग दादाने आणखी एक शंका काढली: अलॉयसाठी जे नवे नट घेतले ते या लोखंडी रिमला बसतात का? जुने नट कुठे आहेत? पुतण्या म्हणाला दुकानातच राहिले. दुकान अकराला उघडणार होतं. दादा वही आणायला आत गेला.

वहिनींनी पिशव्या एकेक करून परत डिकीत रचायला सुरुवात केली. "असू द्या भावजी," त्या मला म्हणाल्या. "तोवर तुम्ही या पिशव्या काट्यावर नेऊन आणा."